वाड्यातले भूत आणि वस्तीतले भूत

मनुष्याला भयाची गोडी का असावी, हा प्रश्न वरवर क्षुल्लक वाटला तरी त्याचा संबंध नीतीशी आहे. ज्या गोष्टीपासून दूर पळावे, तीच गोष्ट दाराला कडी लावून, दिवे मालवून आपण आवडीने पाहत बसतो. प्रस्तुत लेखकही या बाबतीत निर्दोष नाही. झी मराठी वाहिनीवर २०१६ साली सुरू झालेली आणि तीन पर्वांनंतर जानेवारी २०२२मध्ये संपलेली 'रात्रीस खेळ चाले' ही मालिका मी निष्ठेने पाहिली. माजरीच्या आमच्या कोळसा खाणीच्या वसाहतीत दुसऱ्या पाळीची माणसे अजून परतायची असतात, त्या वेळेला घराघरांतून तिचे सूर ऐकू येत. एका रविवारी मिस्सा आटोपल्यावर एका स्नेह्यांनी मला अडवले. "सर, सकाळी मुलांना धर्मशिक्षण देता आणि रात्री भुतं पाहता, हे कसं जुळतं?" त्यांनी थट्टेनेच विचारले, मी हसून वेळ मारून नेली. परंतु प्रश्न मनातून गेला नाही. हा लेख म्हणजे त्याचे उशिरा दिलेले उत्तर आहे.

प्रथम गुणांविषयी. मालिका घडते सिंधुदुर्गातील आकेरी गावी, नाईकांच्या वाड्यात. कुटुंबप्रमुख अण्णा नाईक यांच्या मृत्यूने पहिले पर्व उघडते. मुलेबाळे गोळा होतात, वाटणीच्या गोष्टी निघतात आणि वाड्यात विपरीत घडू लागते. २०१९ साली आलेल्या दुसऱ्या पर्वाने काळ मागे नेला आणि हा मनुष्य हयातीत कसा होता ते दाखवले. आम्हां वैदर्भीय कानांना ती मालवणी बोली प्रारंभी परकी वाटली. पण महिनाभरात वसाहतीतील पोरे पांडूचे 'इसरलंय' एकमेकांना ऐकवू लागली. हा पांडू साकारणारे प्रल्हाद कुडतरकर मालिकेच्या लेखकांपैकीही एक होते. विसराळू, भाबडा पांडू आणि निमूट सोसणारी माई यांच्यामुळे त्या अंधाऱ्या वाड्याला माणुसकीची ऊब होती. माधव अभ्यंकरांनी उभा केलेला अण्णा तर प्रेक्षकांनी डोक्यावर घेतला.

या शेवटच्या गोष्टीचा मला पुढे विचार करावा लागला. अण्णा लंपट आहे, क्रूर आहे, खुनी आहे. तरीही त्याची चाहूल लागली की आम्ही सरसावून बसत असू. मला वाटते, आम्ही त्याला ओळखत होतो. गावात ज्याच्या शब्दाला मान आहे, ज्याच्या दारात लोक हात जोडून उभे राहतात, ज्याची पापे सर्वांना ठाऊक असून कोणी उच्चारत नाही, असा मनुष्य प्रत्येक गावाने पाहिलेला असतो. मालिकेचे मोठे धाडस हे की, तिने भूत केले ते या प्रतिष्ठित मनुष्याला. घराण्याने जे गाडले, तेच रात्री वाड्यात वावरू लागले. पांडू विसरतो, कारण तो निरागस आहे. अण्णाला मात्र इतरांनी विसरावे असे वाटते, आणि वाडा काही विसरू देत नाही. भुताचा हा अर्थ मला मान्य आहे. पश्चात्तापावाचून राहिलेल्या पापाला जर कोणी रूप द्यायचे ठरवले, तर ते याहून फार निराळे होणार नाही.

मालिकेवर आक्षेपही घेतले गेले. ती अंधश्रद्धा पसरवते आणि कोकणाची बदनामी करते, अशी तक्रार २०१६ साली सिंधुदुर्गातूनच झाली. तिच्यात तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. विशेषतः शेवंताच्या बाबतीत मालिका घसरली. दुसऱ्या पर्वात अपूर्वा नेमळेकर यांनी रंगवलेली शेवंता लोभी असेल, चुकलेली असेल, पण ती हाडामांसाची स्त्री होती. तिसऱ्या पर्वात तिची भीतीदायक हडळ झाली. स्त्रीला समजून घेण्यापेक्षा तिला हडळ ठरवणे सोपे असते. ही सोय कथाकारांना मोहात पाडते, आणि गावांनाही.

माझ्या स्नेह्यांच्या प्रश्नाचे मर्म येथे आहे. आमचा चंद्रपूर आणि शेजारचा गडचिरोली हे जंगलांचे जिल्हे. येथे भुताचा खेळ पडद्यापुरता राहत नाही. ऑगस्ट २०२१मध्ये जिवती तालुक्यातील वणी खुर्द येथे करणी केल्याच्या संशयावरून सात जणांना भर चौकात बांधून मारहाण झाली. त्यांत वृद्ध स्त्रियाही होत्या. मे २०२४मध्ये एटापल्ली तालुक्यातील बारसेवाडा येथे जादूटोण्याच्या संशयावरून एक स्त्री आणि एक पुरुष यांना जाळून मारण्यात आले. डॉ. नरेंद्र दाभोलकरांची २०१३ साली हत्या झाल्यानंतर राज्याने जादूटोणाविरोधी कायदा केला, तो ह्या घटनांच्या कितीतरी आधी. कायदा गुन्हेगाराला शिक्षा देऊ शकतो. शेजाऱ्याच्या डोळ्यांतील भय तो काढून घेऊ शकत नाही.

या संदर्भात पवित्र शास्त्रातील एक प्रसंग मला वारंवार आठवतो. शमुवेलच्या पहिल्या पुस्तकाच्या अठ्ठाविसाव्या अध्यायात शौल राजा वेषांतर करून एन-दोर येथील भूतविद्या जाणणाऱ्या स्त्रीकडे जातो. अशा लोकांना देशातून घालवून देणारा हाच राजा. ख्रिस्तसभेने भूतविद्येचा निषेध केला आहे आणि तो मला शिरोधार्य आहे. परंतु त्या अध्यायाचा शेवट आपण क्वचितच वाचतो. दिवसभराचा उपाशी राजा भयाने जमिनीवर कोसळतो, तेव्हा ती स्त्री त्याच्याजवळ येते, त्याला आग्रह करते, घरचे पुष्ट वासरू कापते, भाकरी भाजते आणि त्याला जेवू घालते. ज्याच्या आज्ञेने तिचा जीव धोक्यात होता, त्यालाच. तिची विद्या निषिद्ध ठरवणाऱ्या ग्रंथानेच तिची ही माणुसकी जपून ठेवली आहे.

आता एक कबुली. मी सात-आठ वर्षांचा असताना आमच्या गल्लीच्या टोकाला एक विधवा राहत असे. मूलबाळ नव्हते. ती 'नजर लावते' अशी कुजबुज होती. घरच्यांनी मला दुसऱ्या वाटेने शाळेत जायला शिकवले होते. एके दिवशी उशीर झाला म्हणून मी तिच्या दारावरून धावत निघालो. तिने हाक मारली, "घे रे बाबू," आणि माझ्या ओंजळीत पिकलेली टेंभरे घातली. चार पावलांवर जाऊन मी ती नालीत फेकून दिली. मागे वळून पाहिले तर ती दारातच उभी होती. ती काही बोलली नाही. पुढे ती वारली, तेव्हा तिला खांदा द्यायला माणसे जमवावी लागली, असे मी मोठेपणी ऐकले.

तिला कोणी मारले नाही, जाळले नाही. आमची वस्ती सभ्य होती. तरी वणी खुर्दच्या चौकापर्यंत जाणारी वाट अशाच कुठल्यातरी गल्लीतून, एखाद्या मुलाने फेकलेल्या टेंभरांवरून जाते, याविषयी मला शंका उरलेली नाही.

तर भुताची मालिका पाहणे पाप आहे काय? ज्या भयामुळे मी माझ्याच वाड्याच्या बंद खोल्या तपासू लागतो, ते भय मला उपकारक वाटते. जे भय शेजारणीच्या दाराकडे बोट दाखवते, ते पाप आहे. मग ते पडद्यावरून आलेले असो की आजीच्या गोष्टीतून. नाईकांच्या वाड्याने मला बहुतेक वेळा पहिले भय दिले, म्हणून मी त्या मालिकेचा ऋणी आहे.

दरवर्षी २ नोव्हेंबरला, सर्व मृतांच्या स्मरणदिनी, आम्ही दफनभूमीत मेणबत्त्या लावतो. मृतांना भिण्याऐवजी त्यांच्यासाठी प्रार्थना करावी, हीच आपली रीत आहे. गेल्या वर्षी मिस्साच्या हेतूंसाठी नावे लिहून देताना त्या विधवेचेही नाव घालावे असे मनात आले. लेखणी थांबली. विसरलो म्हणावे, तर तेही खरे नव्हते. तिचे नाव आमच्यापैकी कोणी कधी विचारलेच नव्हते. मी कागदावर 'गल्लीच्या टोकाची आई' एवढेच लिहिले आणि तो फादरांच्या हाती दिला.