दार उघडं ठेवूया



न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधली उन्हाळ्यातली संध्याकाळ. हिरवळीवर लोक चादरी अंथरून बसले आहेत. कुणी घरून डबा आणलाय. कुणाच्या मांडीवर पेंगुळलेलं बाळ आहे. समोर न्यूयॉर्क फिलहार्मोनिकचे वादक व्हायोलिन सुरात लावताहेत. तिकीट नाही. दार उघडं आहे.

१९६५ साली या वाद्यवृंदाने शहरातल्या बागांमध्ये असे विनामूल्य कार्यक्रम सुरू केले. सभागृहातलं अभिजात संगीत लोकांच्या अंगणात आलं. मुंबईत जन्मलेले झुबीन मेहता पुढे याच वाद्यवृंदाचे संगीत दिग्दर्शक झाले. त्यांनीही या मोकळ्या आभाळाखाली संगीत उभं केलं.

सूर वाटला, म्हणून उणा होत नाही. विद्येचं तसंच, मायेच्या शब्दाचंही तसंच. मात्र फुकट द्यायचं म्हणून उरलंसुरलं देऊ नये. आपल्याकडचं उत्तम तेच द्यावं. मग घेणाऱ्याची मान खाली जात नाही. तो पाहुणा होतो.

आपल्यापाशीही काहीतरी आहेच. कुणाला गाता येतं, कुणाला गणित शिकवता येतं, कुणाला नुसतं शांतपणे ऐकून घेता येतं. आज त्यातलं थोडं कुणाला तरी देऊया. मनापासून देऊया.

दार उघडं ठेवूया.