काम सुटले, मन कुठे ठेवाल?

सज्जनहो, आमच्या दिंडीत अकोल्याकडचे एक माळकरी आहेत. वय वर्षे चोपन्न. कचेरीतून आपखुशीने निवृत्ती घेतली, हाती रक्कम आली, पोरीचे लग्न झाले. सगळे म्हणाले, भाग्यवान हो! एके रात्री मुक्कामावर ते हळूच म्हणाले, “म्हाराज, सकायी उठतो, आंगोय करतो, न मंग जाचं कुठं? झोप नाई, जेवनावर मन नाई. हरिपाठालेबी बसवत नाई. माही भक्तीच खोटी आहे काय?”

या प्रश्नाने आम्हांलाही गप्प केले.

२०१९ साली भारत संचार निगमने पन्नाशी ओलांडलेल्यांसाठी स्वेच्छानिवृत्तीची योजना काढली. ३१ जानेवारी २०२० रोजी देशभरातून सुमारे ७८ हजार ५०० माणसे एकदम घरी गेली. हिशेब असा की झालेल्या नोकरीच्या प्रत्येक वर्षाला ३५ दिवसांचा पगार, उरलेल्या प्रत्येक वर्षाला २५ दिवसांचा. पैशाचा हिशेब दिवसांवर झाला. पण पुढचे ते दिवस काढायचे कसे, याचा तक्ता कोणत्या अर्जात असतो? तो ज्याचा त्याने घरी, बायकोमुलांजवळ बसून, सही करण्याआधीच मांडावा लागतो.

कोणी म्हणेल, तुकोबांनी वह्या इंद्रायणीत बुडवल्याच ना? बुडवल्या, पण आपल्या वाट्याच्या. भावाचा वाटा भावाला दिला, असे सांगतात. आणि पुढे रिकामे बसले थोडेच? सावतोबांचा मळा सुटला नाही, गोरोबांचे चाक थांबले नाही. आपल्या अमरावतीकडचे गाडगेबाबा पाहा. ऐंशी वर्षांचे म्हातारे, ८ नोव्हेंबर १९५६ ला वांद्र्यास कीर्तनाला उभे राहिले, आणि २० डिसेंबरला वलगावजवळ देह ठेवला. त्यांना पेन्शन कोण देणार होते म्हणा!

पण बाबांनो, नुसते ‘काम करा’ म्हणून भागत नाही. झोप-भूक उडाली, कशातच गोडी वाटेना, जगणे नकोसे वाटू लागले, असे दोन आठवडे चालले तर तो आजार आहे. भक्ती कमी पडली असे समजू नका. मधुमेहाला औषध घेतो तसे याला घ्यावे. ‘नाम घे, बरा होशील’ असे सांगून आजाऱ्याला परत पाठवणारा बुवा त्याच्यावर अन्यायच करतो. अकोल्याच्या सर्वोपचार रुग्णालयात दाखवता येते. १४४१६ या सरकारी क्रमांकावर फोन केला तर मराठीत बोलता येते, पैसा पडत नाही. जीव देण्याचे कोणी बोलून दाखवले तर त्याला एकटा सोडू नये.

आमचे माळकरी डॉक्टरांकडे गेले. भीत भीतच गेले. गोळ्या चालू आहेत, मनाने बंद करायच्या नाहीत असे त्यांना बजावले आहे. यंदा दिंडीचा जमाखर्च त्यांच्याकडे दिला. परवा तांदळाच्या पावतीत आमची चूक निघाली, तर चारचौघांत आमच्यावर केवढे रागावले!