काही नाही, आबा

बीथोवनच्या जन्माला २०२० साली अडीचशे वर्षं झाली. त्या निमित्ताने एका दिवाळी अंकासाठी मी त्याच्या बहिरेपणावर लेख लिहिला. बरा जमला होता, निदान तेव्हा तसं वाटलं. त्यात १८०१ साली त्याने फ्रान्त्स वेगेलर या आपल्या डॉक्टर मित्राला लिहिलेल्या पत्राबद्दल बरंच होतं. तिशीतला माणूस, व्हिएन्नात नाव होऊ लागलेलं, आणि कान दगा देत चाललेले. आपल्याला ऐकू येत नाही हे लोकांना सांगायचं कसं, म्हणून त्याने जवळजवळ दोन वर्षं माणसांत मिसळणं टाळलेलं. तो मित्राला कळवतो की हळू बोलणाऱ्याचा आवाज तेवढा येतो, शब्द लागत नाहीत. पण कुणी ओरडून बोललं तर ते सहनच होत नाही.

हा भाग मी टाइप करत होतो त्या संध्याकाळी आबांनी, माझ्या वडिलांनी, बाहेरून विचारलं, "कुनाचा फोन होता?" मी सांगितलं. त्यांना कळलं नाही. पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदा ओरडलो, असा की शेजारच्या गॅलरीतल्या बाईंनी वळून पाहिलं. आबांचा हात कानाकडे गेला. "वरडतोस कशाला?" म्हणाले. "काही नाही, आबा," म्हणत मी दार लोटलं आणि पुढचं वाक्य लिहिलं. ते वाक्य बीथोवनच्या एकाकीपणाबद्दल होतं.

आबा गिरणीत होते, साचेखात्यात. १९५८ साली बदलीवर लागले ते १९८२ च्या संपापर्यंत. लहानपणी मी डबा घेऊन गेटपर्यंत जायचो, तर आतला खडखडाट तिथे चपलेखालच्या जमिनीत लागायचा. अशा आवाजात वर्षानुवर्षं उभं राहिलं की आतल्या कानात केसासारखे तंतू असलेल्या ज्या पेशी असतात, त्या मरत जातात. उंच पट्टीचा आवाज टिपणाऱ्या आधी. एकदा गेलेल्या पुन्हा येत नाहीत. त्यांच्याबरोबर स, श, ख, थ, फ अशी व्यंजनं जातात, स्वर मागे राहतात. 'साखर' म्हणा नाहीतर 'खापर' म्हणा, ऐकणाऱ्याच्या हाती नुसता आकार लागतो. ओरडल्याने तोच आकार मोठा होतो. हे सगळं मला त्या लेखासाठी वाचताना कळलं. ज्या माणसाबरोबर जन्म काढला त्याच्या कानांचं काय झालंय, हे मला सत्तावन्नाव्या वर्षी एका जर्मन माणसाकडून समजलं.

लेख छापून आल्यावर एका वाचकाने विचारलं, इतकं आतून कसं लिहिलंत? मी म्हटलं, वाचन. लेखात आबांचा उल्लेख नव्हता.

कॉलेजात असताना मी आबांची नक्कल करायचो. घरात सगळे हसले की ते आधी एकेकाच्या तोंडाकडे बघायचे आणि मग हसायचे. ते उशिरा येणारं हसू मला हुबेहूब जमायचं, मित्रांत टाळ्या पडायच्या. एकदा चाळीच्या गॅलरीत हा प्रयोग रंगात आला असताना आबा जिन्यातून वर येऊन उभे राहिलेले मला दिसले नाहीत. पोरं हसत होती. आबाही हसले, जरा उशिराने. मला हायसं वाटलं की त्यांना काही कळलं नाही. नक्कल बघायला कान लागत नाहीत हे तेव्हा डोक्यातच आलं नाही. नंतर आलं तेव्हा मी तो विषय मनातल्या मनातही बदलत राहिलो.

लेखात हॅरिएट मार्टिनो होती. इंग्लंडची नामवंत लेखिका, १८०२ सालचा जन्म, बालपणापासून ऐकू येणं कमी होत गेलेलं. कानाला लावायचा कर्णा घेऊन ती अमेरिकाभर हिंडली. लोक काय बोलले ते कधीही विचारायचं नाही, असं तिने तरुणपणीच ठरवून टाकलं होतं. सांगण्यासारखं असेल ते जवळची माणसं आपण होऊन सांगतील. मी या निश्चयाला बाणेदारपणा म्हटलं होतं. आता कळतं की या निश्चयात निम्मा भार तिने दुसऱ्यांवर टाकला होता, आणि ती माणसं भरवशाची असावीत. आबासुद्धा आधी विचारायचे, "काय म्हनत्यात?" आम्ही म्हणायचो, "काही नाही." पुढे ते विचारेनासे झाले. आम्ही पाहुण्यांना सांगायचो, आबा आता शांत झालेत हो, कशात म्हणून नसतात.

मशीन घेऊन दिलं होतं, हेही नोंदवायला हवं. ते कानात शिट्टी मारायचं, ताटवाटीचा आवाज अंगावर यायचा आणि माणसांचं बोलणं होतं तिथेच राहायचं. दुकानातल्या मुलीने पुन्हा पुन्हा येऊन जुळवून घ्या म्हणून सांगितलं होतं. दोनदा नेलं. मग मशीन कपाटाच्या खणात गेलं आणि माझ्या तोंडी एक सोयीचं वाक्य आलं: घेऊन दिलंय, पण वापरत नाहीत.

एक प्रकरण मी लेखातून गाळलं होतं. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्याजवळ मार्थाज व्हिनयार्ड नावाचं बेट आहे. तिथल्या चिलमार्क गावात एकोणिसाव्या शतकात पंचवीस माणसांत एक जन्मतः बहिरा असायचा. त्यामुळे खुणांची भाषा ऐकणाऱ्यांनाही येत असे. शेतावर, मासेमारीत, दुकानात सगळीकडे ती चालायची. पुढे नोरा ग्रोस या अभ्यासक बाई बेटावरच्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना भेटल्या, तेव्हा अमका बहिरा होता का, हे आठवायला त्यांना विचार करावा लागला. तो चांगला कोळी होता, हे मात्र चटकन आठवलं.

शब्दमर्यादा आहे म्हणून काढतो, असं मी संपादकांना म्हणालो होतो. खरं तर ते प्रकरण मला अडचणीचं झालं असावं. साचेखात्यात आबा बहिरे नव्हतेच. तिथे कोणाचंच कोणाला ऐकू येत नसे. हातांनी, ओठांनी, भुवयांनी सगळं चालायचं. धागा तुटला, जॉबर येतोय, चहा सांग. सुट्टीच्या दिवशी त्यांचे दोन जोडीदार घरी आले की तिघं खोलीत बसून तासन्‌तास असंच बोलायचे आणि खो खो हसायचे, कोणी उशिरा हसायचं नाही. संप झाला, माणसं गावाकडे पांगली, आम्ही डोंबिवलीला आलो. आबा बहिरे झाले ते इथे, आमच्यात.

माझा लेख संपला होता ७ मे १८२४ च्या मैफिलीवर. नववी सिम्फनी झाली, टाळ्यांचा कडकडाट, बीथोवनची पाठ प्रेक्षकांकडे, आणि गायिका कॅरोलीन उंगर त्याला हलकेच वळवते. या विषयावरचा जवळजवळ प्रत्येक लेख इथेच संपतो. वाचकांचे डोळे पाणावतात आणि कोणाला काही करावं लागत नाही.

आबा २०२२ साली गेले. त्यांच्या गादीखाली दोन वह्या निघाल्या. माझी मुलगी शाळेत असताना तिने आपल्या उरलेल्या वह्या त्यांना दिल्या होत्या: बोलू नका, लिहून दाखवा. बीथोवनकडेही १८१८ पासून अशाच वह्या असत, त्यातल्या सुमारे १४० शिल्लक आहेत. भेटायला येणारे लिहायचे, तो बहुधा तोंडाने उत्तर द्यायचा. म्हणून त्या वह्यांत त्याचं बोलणं फारसं सापडत नाही. सापडतं ते इतरांनी त्याला काय सांगण्याजोगं मानलं, ते.

आबांच्या वह्यांत मुलीची पानंच्या पानं आहेत. वर्गात कोणाला मार बसला, बाईंची साडी कशी होती, कुत्र्याचं चित्र, त्याच्या खाली आणखी एक कुत्रा. माझं अक्षरही आहे. गोळी घेतली का. जेवायला चला. लाइट बिल भरलं. बँकेत जातोय. आणि बऱ्याच ठिकाणी: नंतर सांगतो.

बीथोवनचा सहायक शिंडलर याने तो गेल्यानंतर त्या वह्यांत मागाहून आपल्या नोंदी घुसवल्या, आपण त्याच्या किती जवळचे होतो हे दिसावं म्हणून. लेखात मी त्याची चांगलीच खरडपट्टी काढली होती. परवा वही उघडून बसलो. एका पानावर मुलीने लिहिलंय, बाबा इतके का हसतायत ते त्यांनाच विचारा. खाली माझं अक्षर, नंतर सांगतो. त्याखाली अर्धं पान कोरं आहे. मी पेनचं टोपण काढलं. कशाला हसलो होतो ते आठवेना. अजूनही आठवलेलं नाही.