तो ‘मी नाही’ म्हणतो तेव्हा



ह्या वेळचा विषय जरा वेगळा आहे, सांभाळून घ्या. सुटीत आलेल्या मुलाने मला ‘ड्यून’ सिनेमाचे दोन्ही भाग (२०२१ आणि २०२४) बघायला बसवलं. मूळ कादंबरी अमेरिकन लेखक फ्रँक हर्बर्ट यांची, १९६५ सालची. अराकिस नावाचा वाळवंटी ग्रह. पाणी इतकं मोलाचं की कुणासमोर थुंकणं म्हणजे त्याला मान देणं! (आपल्याकडे करून बघू नका.) तिथले फ्रेमेन लोक तारणहाराची वाट बघतायत, आणि बाहेरून आलेला तरुण पॉल तोच आहे असं त्यांना वाटतं.

गोम अशी, की ही भविष्यवाणी मुळात त्यांची नाहीच. बेने जेसेरिट नावाच्या बायकांच्या पंथाने ती फार आधी तिथे पेरून ठेवलेली, आपल्यातली कुणी संकटात सापडली तर आसरा मिळावा म्हणून. पॉलची आई त्याच पंथातली. पॉलला सगळं ठाऊक आहे. आपल्या नावाने भयंकर युद्ध पेटणार हेही त्याला दिसतंय. तरी वडिलांच्या खुनाचा बदला घ्यायला तो ह्या लोकांची श्रद्धा वापरतो. १९६९ च्या पुढच्या कादंबरीत तो स्वतःच मेलेल्यांचा आकडा सांगतो, ६१ अब्ज.

मुलगा म्हणाला, “आई, त्याच्याकडे दुसरा रस्ताच नव्हता.” असेल. पण जाणूनबुजून केलं ते केलंच ना?

माझा जीव मात्र स्टिल्गारमध्ये अडकला. फ्रेमेनांचा हा मुरलेला म्होरक्या. पॉल म्हणतो, मी तो नाही. तर हा आनंदाने सांगतो, बघा किती नम्र, म्हणजे तोच! आम्ही खूप हसलो. मग मी गप्प झाले. सासूबाईंच्या दुखण्याबद्दल आम्ही महाराजांना विचारलं होतं. ते स्वच्छ म्हणाले, “मला त्यातलं कळत नाही, डॉक्टरांना दाखवा.” बाहेर आल्यावर आम्ही काय म्हणालो? “किती लीनता!” आणि डॉक्टरांकडे जायला पंधरा दिवस लावले.

कादंबरीच्या शेवटाकडे पॉलला दिसतं, स्टिल्गार आता मित्र उरला नाही, नुसता आज्ञा झेलणारा झालाय. त्याला फार वाईट वाटतं.

सिनेमात सगळे गुडघे टेकतात, चानी टेकत नाही. पुस्तकातली चानी अशी नाही, पण मला सिनेमातली जास्त पटली. मुलगा म्हणतो, ती रुसून गेली. मला नाही तसं वाटत. पॉलला तोंडावर ‘हे चुकतंय’ म्हणणारं त्याच्या प्रेमाचं माणूस तिथे तेवढं एकच उरलं होतं.

कुणी पाहिला असेल तर गुरुवारी सत्संगानंतर चहाला थांबा, बोलू.