छापा-काटा

ओरेगॉनमध्ये विलमेट नदीच्या काठी, घनदाट झाडीत थोडी मोकळी जागा होती. नावेने जाणारे-येणारे तिथे चूल मांडत, दम खात आणि पुढे निघत. १८४३ साली एका माणसाला वाटलं, इथेच बस्तान बसवावं. पण जमिनीवर हक्क नोंदवायला २५ सेंट लागत, आणि तेवढेही त्याच्या खिशात नव्हते. सोबतच्या वकिलाला तो म्हणाला, “पैसे तुम्ही भरा, अर्धी जमीन तुमची.” वकिलाने भरले. ६४० एकरांतली निम्मी जमीन डॉलरच्या चार आण्यांत पदरात पडली.

पहिल्याचं मन मात्र तिथे रमलं नाही. आपला हिस्सा एका व्यापाऱ्याला विकून तो निघून गेला.

आता वकील आणि व्यापारी मिळून रस्ते आखू लागले. झाडं पडली, खुंट उरले. गाव अजून उभं राहायचं होतं, तोच त्याच्या बारशावरून अडलं. वकील बॉस्टनकडचा; तो म्हणाला, “बॉस्टन.” व्यापारी मेन राज्यातल्या पोर्टलँडहून आलेला, तो म्हणाला, “पोर्टलँड.” दोघांची गावं देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, अटलांटिकच्या किनाऱ्यावर, चार हजार किलोमीटर दूर. कोणीच हटेना.

खरं तर व्यापाऱ्याच्या गावाचं नावही उसनंच. मूळचं पोर्टलँड इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, दगडाच्या खाणींसाठी प्रसिद्ध. आपल्याकडच्या सिमेंटच्या गोणीवर छापलेलं ‘पोर्टलँड’ त्या दगडावरूनच आलं.

शेवटी १८४५ साली व्यापाऱ्याने तांब्याचा एक सेंट काढला. नाणं १८३५ सालचं. तीनदा उडवायचं, दोनदा जिंकेल त्याचं नाव. व्यापारी जिंकला.

वकिलाने त्याच वर्षी आपला हिस्सा विकून टाकला. तीन वर्षांनी व्यापारीही गेला. पाच हजार डॉलरचं चामडं घेऊन त्याने आपली सगळी जागा एका कातडी कमावणाऱ्याला देऊन टाकली. पुढे उत्तरेला जाऊन तो ज्या बंदराच्या उभारणीत गुंतला, त्याचं नाव पोर्ट टाउनसेंड. तिथे त्याने पोर्टलँडचा हट्ट धरला नाही.

इकडे रस्त्यांत खुंट तसेच होते. लोक ठेचकाळत. अंधारात दिसावेत म्हणून त्यांनी खुंटांना चुना फासला, आणि गावाला आपलं एक नाव ठेवलं : ‘स्टम्पटाउन’, खुंटांचं गाव. त्यासाठी नाणं उडवावं लागलं नाही.

नाव ठेवायला एक सेंट पुरला. गाव वसवायला खुंट उपटावे लागले, आणि ते उपटणारे बारशाला हजर नव्हते.

तो तांब्याचा सेंट मात्र आज गावातच आहे. पोर्टलँडमध्येच, ओरेगॉनच्या इतिहास संस्थेने तो जपून ठेवला आहे.