पाऊण इंच

मागच्या एप्रिलमध्ये नॉर्थ कॅरोलायनात, रॉलीला, मावसभावाच्या घरी मी दोन शनिवार-रविवार सुतारकाम केलं. त्याच्या डेकवरून मागच्या अंगणात उतरणारा लाकडी जिना कुजला होता, तो नव्याने बांधायचा होता. आम्ही दोघंही सॉफ्टवेअरवाले. माझ्याकडे इंजिनिअरिंगची पदवी आहे, पण तोवर करवत कधी हातात धरली नव्हती.

जिना म्हणजे पायऱ्या, असा माझा समज. प्रत्यक्षात पायऱ्या शेवटच्या तासाभरात बसतात. खरं काम असतं खालच्या सांगाड्याचं, म्हणजे दातेरी कापलेल्या तिरप्या फळ्यांचं. त्यांना इथे स्ट्रिंजर म्हणतात. डेकची उंची ३५ इंच, म्हणून ७ इंचांचे ५ टप्पे. रुंदी ३६ इंच, म्हणून ३ स्ट्रिंजर. सगळ्यात खालच्या टप्प्यातून पायरीच्या फळीची दीड इंच जाडी वजा करायची. ते विसरलं तर पहिला टप्पा साडेआठ इंचांचा होतो आणि शेवटचा साडेपाचचा. टप्प्यांमध्ये ३/८ इंचापेक्षा जास्त फरक इथल्या नियमांना चालत नाही. कारण एक-दोन पायऱ्यांत पायाला अंदाज येतो आणि मग आपण खाली बघतच नाही.

सव्वाअकरा इंच रुंद फळीतून दात कापल्यावर खाली सलग लाकूड उरतं ते साधारण साडेपाच इंच. किमान ५ तरी हवंच, कारण भार त्यावर येतो. विजेच्या करवतीचं पातं गोल असतं. ते खालच्या बाजूला कोपऱ्यापर्यंत पोचेस्तोवर वरच्या बाजूला रेषा ओलांडून गेलेलं असतं. म्हणून रेषेवर थांबायचं आणि उरलेलं हातकरवतीने कापायचं. हे मला माहीत होतं. तरी मधल्या स्ट्रिंजरला दोन ठिकाणी मी पाऊण इंच पुढे गेलो. मोजलं तर सलग लाकूड ५ इंचांच्या आत आलं होतं. शिवाय अशा कापापासूनच पुढे चीर जाते.

दादा म्हणाला, "अरे, मधलाच आहे ना? पुटी भर. कोण बघतंय? आणि दोन वर्षांत घर विकायचंच आहे."

दादा बेफिकीर माणूस नाही. त्याचा मुद्दा असा होता की, चारच पायऱ्या आहेत, बाजूचे दोन स्ट्रिंजर धड आहेत, बहुधा काही होणार नाही. प्रत्येक गोष्ट निर्दोष करत बसलो तर एकही पूर्ण होणार नाही. "तू कोड असाच लिहितोस ना?"

हे लागलं, कारण खरं होतं. आधीच्या नोकरीत एका रात्री मी एक चूक दुरुस्त करण्याऐवजी झाकली होती. एरर आली की ती गिळायची आणि पुन्हा प्रयत्न करायचा, एवढंच. वर एक टिपण लिहिलं, "नंतर बघू." वर्षभर काही झालं नाही. त्यावरून मी नकळत ठरवून टाकलं की माझा निर्णय बरोबर होता.

थॉमस नेगेल या तत्त्वज्ञाने नैतिक दैवावर लिहिताना ब्रेक तपासून न घेतलेल्या ट्रकचालकाचं उदाहरण घेतलं आहे. वाटेत मूल आडवं आलं की तो गुन्हेगार, नाही आलं तर नुसता निष्काळजी. हयगय दोन्ही वेळा तेवढीच. म्हणजे माझा जिना टिकला, तर त्यातून नशिबाबद्दल काहीतरी कळेल, माझ्याबद्दल काहीच नाही.

१६ जून २०१५ला कॅलिफोर्नियात, बर्कलीमध्ये, वाढदिवसाच्या पार्टीत एक बाल्कनी कोसळली आणि ६ जण गेले. आधाराच्या तुळया आतल्या आत कुजल्या होत्या. वर उभ्या असलेल्यांना ते कळायला काही मार्गच नव्हता.

पण दादाचा प्रश्न तरीही उरतो. मग थांबायचं कुठे? त्याच जिन्याच्या दोन पायऱ्यांमध्ये फळ्यांची फट जरा कमीजास्त आहे. ती मी तशीच ठेवली. उतरणाऱ्याला ती दिसते, आवडली नाही तर तो नाक मुरडेल, जपून पाय टाकेल. मधल्या स्ट्रिंजरबाबत ही सोय नाही. तिथे धोका किती हे मी ठरवणार, आणि वजन टाकणार कुरिअरवाला, शेजारची मुलं, उद्या घर विकत घेणारं कुणीतरी. तडजोड करण्यात गैर नाही. दुसऱ्याच्या वतीने, त्याला न सांगता करण्यात आहे. म्हणून मी स्वतःला एवढंच विचारलं: पहिल्या पायरीवर पाय ठेवणाऱ्याला, "मधला आधार थोडा जास्त कापला गेलाय, पण बहुधा चालेल," असं तोंडावर सांगता येईल का? फटीबद्दल येईल. पुटीखालच्या कापाबद्दल नाही. आणि पुटी भरायची तीच मुळी सांगावं लागू नये म्हणून.

एक नवी फळी आणि अर्धा दिवस गेला. दादा कुरकुरला, पण गुण्या त्यानेच धरला आणि कापलेल्या कडांना संरक्षक द्रावणही त्यानेच लावलं. बिघडलेल्या स्ट्रिंजरचे तुकडे आता त्याच्या गॅरेजमध्ये रंगाचे डबे ठेवायच्या कामी येतात.

जुन्या नोकरीतल्या त्या कोडवर मात आता दुसराच कुणीतरी उभा आहे. तिथे नवी फळी बसवणं माझ्या हातात नाही, सांगणं आहे. हा लेख संपवण्याआधी तिथल्या एका सहकाऱ्याला मी कळवलं: कुठे बघायचं, काय झाकलंय, कुणी झाकलंय. त्याचं उत्तर अजून आलेलं नाही.