न घडलेल्याचें श्रेय

कर्तृत्व मोजण्याची जगाची एक ठरलेली रीत आहे. अमक्यानें काय केलें, असें जग विचारतें. अमक्यामुळें काय टळलें, हें विचारण्याची पद्धत नाहीं. विहीर खणली तर ती दिसते, पूल बांधला तर त्यावरून माणसें जातात. परंतु जी आग लागली नाहीं, जो तंटा पेटला नाहीं, त्याचें स्मारक कोणी उभारल्याचें ऐकिवांत नाहीं. मग अनिष्टाचें निवारण करणें हेंच ज्यांच्या आयुष्याचें मुख्य काम, त्यांची योग्यता कोणत्या मापानें मोजावयाची? प्रश्न नीतिशास्त्राचा आहे. पण तो नीट समजावा म्हणून आम्ही वाचकांस आज फुटबॉलच्या मैदानावर नेणार आहों, आणि तेंहि दूरच्या मेक्सिको देशांतील एका बचावपटूच्या कारकीर्दीच्या निमित्तानें. या खेळांत श्रेय आणि दोष हजारों डोळ्यांसमक्ष वांटले जातात. त्यामुळें हा प्रश्न तेथें जितका उघडा पडतो तितका इतरत्र क्वचितच पडत असेल.

राफाएल मार्केझ याचा जन्म १३ फेब्रुवारी १९७९ रोजीं मिचोआकान प्रांतांतील सामोरा शहरीं झाला. १९९६ सालीं, वयाच्या सतराव्या वर्षीं, ग्वादालाहारा येथील आत्लास संघाकडून तो व्यावसायिक फुटबॉल खेळूं लागला. १९९९ मध्यें तो मोनाको संघांत गेला व पहिल्याच हंगामांत त्या संघानें फ्रान्सचें अजिंक्यपद मिळविलें. २००३ पासून २०१० पर्यंतचीं सात वर्षें त्यानें स्पेनमधील बार्सिलोना संघांत काढलीं. त्या काळांत संघानें स्पेनचें अजिंक्यपद चारदां आणि युरोपांतील सर्वश्रेष्ठ अशी चॅम्पियन्स लीग ही स्पर्धा दोनदां जिंकली. पुढें न्यूयॉर्क, मेक्सिकोंतील लेओन, इटलींतील वेरोना असा प्रवास करून तो २०१६ मध्यें आपल्या मूळच्या आत्लास संघांत परतला आणि २०१८ मध्यें त्यानें खेळ सोडला. २००२ ते २०१८ या काळांतील पांचहि विश्वचषक स्पर्धांत तो आपल्या देशाचा कर्णधार होता; असा मान त्यापूर्वीं कोणासहि मिळाला नव्हता.

येथवरचा हिशेब कोणीहि मांडील. परंतु या साऱ्या हिशेबांत त्याचें स्वतःचें काम कोठें आहे? बचावपटूचें काम म्हणजे प्रतिपक्षाचा गोल होऊं न देणें. उत्तम बचावपटूस चेंडू हिसकावण्यासाठीं धडपडावें लागतच नाहीं असें नव्हे; पण पुष्कळदां तो आधींच अशा ठिकाणीं उभा असतो कीं, प्रतिपक्षाचा गडी चेंडू तिकडे देण्याचा विचारच सोडून देतो. तो सोडून दिलेला विचार प्रेक्षकांस कसा दिसावा? १७ मे २००६ रोजीं पॅरिसनजीक चॅम्पियन्स लीगचा अंतिम सामना झाला. आर्सेनल संघाचा गोलरक्षक आरंभींच बाहेर काढला गेला. तरीहि पहिला गोल त्या संघानेंच केला. अखेरच्या पंधरा मिनिटांत एटो आणि बेलेटी यांनीं दोन गोल करून बार्सिलोनास विजय मिळवून दिला. या दोघांचीं नांवें तेव्हांपासून पाठ झालीं. मधल्या तासभरांत दुसरा गोल झाला असता तर हीं नांवें उच्चारण्याची वेळच आली नसती. तो न होण्यांत बचावफळीच्या मध्यभागीं उभ्या असलेल्या पुयोल आणि मार्केझ यांचा वांटा होता, हें कितीजणांच्या ध्यानांत असेल?

याहून चमत्कारिक गोष्ट अशी कीं, मार्केझची जी स्तुति होते ती प्रायः त्याच्या बचावाबद्दल नसतेच. त्याच्या लांबवर अचूक जाणाऱ्या चेंडूंबद्दल लोक बोलतात. २००६, २०१० आणि २०१४ अशा तीन विश्वचषकांत त्यानें गोल केले, हें सांगतात. बचाव सांभाळून पुढें चाल करून जाणाऱ्या जर्मनीच्या बेकेनबावरवरून त्यास 'मिचोआकानचा कैसर' हें नांवहि पडलें. म्हणजे पहारेकऱ्यास कीर्ति मिळाली ती पहाऱ्याबद्दल नव्हे, तर पहाऱ्याच्या सवडींत गाइलेल्या गाण्याबद्दल!

आमच्या प्राचीन शास्त्रकारांनीं या अडचणीचा फार सूक्ष्म विचार केलेला आहे. वैशेषिकांनीं पुढच्या काळांत द्रव्य, गुण, कर्म इत्यादि सहा पदार्थांच्या जोडीस 'अभाव' हा सातवा पदार्थ मानला. भूतलावर घट नाहीं, हें ज्ञान पोकळ नव्हे, त्यासहि विषय आहे, असें त्यांचें म्हणणें. नीतीच्या प्रांतांत तर या अभावाचें राज्यच आहे. योगशास्त्रांतील पांच यमांपैकीं अहिंसा, अस्तेय आणि अपरिग्रह या तिहींच्या नांवांतच नकार आहे. माणसाच्या सज्जनपणाचा निम्मा भाग तो काय करीत नाहीं यांत असतो.

यावर चतुर वाचक म्हणेल कीं, दगडहि चोरी करीत नाहीं. म्हणून काय त्यास अस्तेयव्रती म्हणावें? आणि एखादा आळशी अधिकारी, 'माझ्या अमदानींत कांहीं अनिष्ट घडलें नाहीं' अशी फुशारकी मारूं लागला तर त्याचेंहि श्रेय मान्य करावें काय? आक्षेप रास्त आहे. त्याचें उत्तरहि शास्त्रांतच सांपडतें. अनुपलब्धीनें, म्हणजे वस्तु न दिसण्यानें, तिचा अभाव कळतो असें मानणाऱ्या भाट्ट मीमांसकांनीं एक अट घातली आहे: वस्तु असती तर ती दिसली असती, अशी स्थिति पाहिजे. अंधाऱ्या खोलींत घट दिसला नाहीं म्हणून तेथें घट नाहीं असें ठरत नाहीं. हीच अट आम्ही श्रेयास लावूं. अनिष्ट घडण्याचा संभव खरोखरच होता काय, आणि त्याच्या वाटेंत हा माणूस खरोखरच उभा होता काय? दगडास मोह नाहीं, म्हणून त्यास व्रतहि नाहीं. अधिकाऱ्यापुढें संकट आलेंच नसेल तर त्याचें श्रेयहि नाहीं. परंतु १७ जून २०१८ रोजीं मॉस्को येथें मेक्सिको विरुद्ध जगज्जेता जर्मनी हा सामना पाहा. मेक्सिको एका गोलानें पुढें, जर्मनीचे हल्ल्यांवर हल्ले चाललेले, आणि अशा वेळीं शेवटच्या पावणतासांतील अखेरच्या भागांत एकोणचाळीस वर्षांचा मार्केझ मैदानांत उतरतो. सामना संपला तेव्हां धांवफलक होता तसाच होता. तो तसाच राहिला, हेंच त्या दिवशीं मेक्सिकोच्या बचावफळीचें कर्तृत्व. आणि त्यांतला एक हिस्सा त्याचा.

आतां नाण्याची दुसरी बाजू. १७ जून २००२ रोजीं कोरियांतील जेओंजू येथें अमेरिकेविरुद्ध मेक्सिको दोन गोलांनीं हरत असतां, सामना संपत आला त्या वेळीं मार्केझनें प्रतिपक्षाच्या कोबी जोन्स यास डोक्यानें धडक दिली व त्यास लाल कार्ड मिळालें. २९ जून २०१४ रोजीं ब्राझीलमधील फोर्तालेझा येथें नेदरलँड्सविरुद्ध जादा मिनिटें चालू असतां रॉबेन त्याच्या पायावरून पडला, पंचांनीं पेनल्टी दिली, आणि मेक्सिको बाहेर पडला. 'ती पेनल्टी नव्हतीच' हें वाक्य पुढें मेक्सिकोंत म्हणीसारखें रूढ झालें. दुसऱ्या प्रसंगीं मतभेद आहे. पहिल्या प्रसंगीं दोष तो दोषच, त्याचें समर्थन आम्ही करीत नाहीं. पण या प्रसंगांतील एक गोष्ट विचार करण्याजोगी आहे. राग एकदां अनावर झाला तो दिसला. जितक्या वेळां तो गिळला गेला तितक्या वेळां कांहींच दिसलें नाहीं. पाय एकदां आडवा आला तो नोंदला गेला. हजारदां योग्य ठिकाणीं पडला तो नोंदला गेला नाहीं. याचा अर्थ प्रेक्षक दुष्ट असतात असा नव्हे. प्रमाद ही घडलेली वस्तु आहे, संयम ही न घडलेली. आणि पुरावा केवळ घडलेल्याचाच उरतो. तराजू धरणाऱ्याच्या मनांत कपट नसलें तरी तराजूच एका बाजूस झुकलेला आहे.

हा तराजू मैदानाबाहेर किती कठोर होतो, हेंहि या कारकीर्दींत दिसतें. ऑगस्ट २०१७ मध्यें अमेरिकेच्या अर्थखात्यानें अमली पदार्थांच्या एका व्यापाऱ्याशीं संबंध असल्याच्या आरोपावरून मार्केझचें नांव निर्बंधांच्या यादींत घातलें. त्यानें आरोप नाकारला. यादींत नांव येणें हा न्यायालयाचा निर्णय नव्हे. तरीहि पुढल्या वर्षीं रशियांत सराव करतांना त्याच्या सदऱ्यावर जाहिरातदारांच्या मुद्रा नव्हत्या, आणि त्या कोऱ्या सदऱ्याकडे बोट दाखवून जग बोलत होतें. सप्टेंबर २०२१ मध्यें त्याचें नांव यादींतून काढण्यात आलें. या प्रकरणाचा निवाडा करण्याचा आम्हांस अधिकार नाहीं. आमचें म्हणणें इतकेंच कीं, 'केलें' हें एका कागदानें सांगतां येतें, 'केलें नाहीं' हें सांगण्यास सगळें आयुष्य पुढें करावें लागतें. म्हणूनच सुज्ञ कायदा सिद्धतेचा भार आरोप करणाऱ्यावर टाकतो. नांव यादींत आल्याची वार्ता जितकी लांब जाते तितकी तें काढल्याची जात नाहीं. कारण दुसरी वार्ता पुन्हां एका अभावाचीच असते.

कोणी म्हणेल, श्रेय मिळो वा न मिळो, कर्तव्य करणाऱ्यानें तें करीत राहावें. फलाची आशा कशाला? पहारेकऱ्यास हा उपदेश योग्य आहे. परंतु ज्यांच्यासाठीं तो पहारा करतो त्यांनीं या उपदेशाचा आडोसा घेऊं नये. कारण येथें अन्यायापेक्षांहि मोठी हानि संभवते. टाळ्या केवळ अखेरच्या क्षणीं झेप घालणाऱ्यासच मिळतात, असें एकदां कळलें कीं, दुबळ्या मनाचा बचावपटू वाट आधींच बंद करण्याचें सोडून देईल. प्रतिपक्षास जवळ येऊं देईल, आणि मग झेप घालील. संकट टाळण्यापेक्षां तें दाखवून निवारण्यांत त्यास लाभ दिसूं लागेल. आजार होऊं न देणाऱ्या वैद्यापेक्षां तो बळावल्यावर बरा करणारा थोर ठरतो. घरांत भांडण उद्भवूंच न देणाऱ्या गृहिणीपेक्षां पेटलेलें भांडण चारचौघांत मिटविणारा पाहुणा शहाणा ठरतो. ज्या समाजास झेप तेवढी दिसते, त्याच्या वांट्यास पहारे कमी आणि झेपाच अधिक येतात; आणि प्रत्येक झेप साधतेच असें नाहीं.

तेव्हां कोणाचीहि योग्यता ठरवितांना त्यानें काय केलें, या प्रश्नानंतर क्षणभर थांबून दुसराहि प्रश्न विचारावा: हा माणूस तेथें नसता तर काय झालें असतें? या प्रश्नाचें उत्तर नेहमींच अपुरें मिळेल, कधीं अनुमानानेंच द्यावें लागेल. पण तो विचारणें ही पहाऱ्यावर असलेल्यांवर केलेली कृपा नव्हे. आपलीं घरें सुरक्षित राहावींत अशी इच्छा असेल तर तें आपलेंच काम आहे.